परत आलेली फाइल

मंगळवारी दुपारी ती परत आली,
त्याच ट्रॉलीवर, त्याच तपकिरी खोक्यात,
दोरी तेवढी नवी होती
आणि वर फेडरल कोर्टाचा शिक्का, दोन्ही भाषांत.

चौदा महिन्यांपूर्वी मीच ती खाली पाठवली होती.
अर्ज नामंजूर. खाली सही:
थेरेझा कोवाल्चुक, मूल्यमापक,
ऑटवातल्या एका तिसऱ्या मजल्यावरची,
जिथून गोठलेला कालवा दिसतो ती खुर्ची.

गोळी साधी. फेफऱ्याची. पांढरी, मधे रेघ.
मूळ कंपनीच्या गोळीची नक्कल, किंमत पावपट.
उपाशीपोटी दोन्हींचे आलेख एकमेकांवर असे बसत होते
जसे एकाच ताग्यातून फाडलेले कापड.
जेवणानंतरच्या चाचणीत मात्र
छत्तीसांपैकी दोघांच्या रक्तात
रेष अशी उसळली की मी कॉफी सांडली.
ऐंशी ते सव्वाशे, एवढी आमची मुभा.
गोळाबेरीज मुभेत बसत होती.
ते दोघे बसत नव्हते.

मी लिहिले, 'समाधानकारक वाटत नाही.'
तीन शब्द. शुक्रवार होता.

कंपनी त्याआधीही एकदा कोर्टात धावली होती,
आम्ही नुसते पत्र लिहून खुलासा मागितला तेव्हाच.
तेव्हा दार उघडलेच नाही:
ही विचारणा आहे, निर्णय नव्हे,
फळाला पाड लागू द्या, मग या.

या वेळी मूळ कंपनीही मधे घुसू पाहत होती.
तिचा वकील म्हणाला, आम्हाला रुग्णांच्या जिवाची काळजी.
न्यायमूर्ती ब्युशां यांनी चष्मा पुसला,
त्या काळजीला विक्रीचे किती आकडे चिकटलेत ते जणू पाहिले
आणि त्याला मागच्या बाकावर बसवले.

मी मांडीवर आलेख घेऊन बसले होते.
औषधाबद्दल कोणी काही विचारलेच नाही.
'गोळी चांगली की वाईट, हे मला कळत नाही,' ब्युशां म्हणाल्या,
'ज्यांना कळते त्यांनी ते कसे ठरवले, एवढेच मी पाहायचे.
पान एकशे बारा. वाटत नाही.
का वाटत नाही?'

आमचा वकील उठला, त्या दोघांविषयी बोलू लागला,
छान बोलत होता, माझ्याहून छान.
'हे तुम्ही आज सांगताय,' त्या म्हणाल्या,
'त्या दिवशीच्या फाइलीत हे कुठे आहे?'

कारण होते. माझ्या डोक्यात होते.
डोके फाइलीला जोडलेले नव्हते.

बाहेर जिन्यापाशी एक माणूस भेटला,
अर्ल क्लूएट, न्यूफाउंडलंडचा, आधी बोट, मग दोन बस.
ना वादी ना प्रतिवादी, कोणी बोलावलेही नव्हते.
मुलगी एकोणीस वर्षांची, गोळी मूळ कंपनीची,
रेघेवर सुरी ठेवून तो रोज एकीच्या दोन करतो.
'अर्ध्या गोळीने अर्धी फिट येत नाही,' म्हणाला.
मग विचारले, 'जिंकलं कोण?'
'कोणीच नाही. निर्णय रद्द केला,
पुन्हा विचार करायला सांगितलंय.'
'कोणाला?'
मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी वेडी नव्हते. घाईत होते.

आता खोके उघडे आहे. तीन शब्दांच्या जागी
अकरा पाने झाली, तरी 'म्हणून'पाशी गाडी अडते.
कदाचित पुन्हा नाहीच म्हणेन; तसे म्हणायला मोकळी आहे,
फक्त या वेळी दिवा लावून म्हणायचे.

क्रमांक एकोणतीस: त्याने त्या सकाळी न्याहारीला काय खाल्ले होते,
हे विचारायला मी प्रयोगशाळेला फोन लावला.
पलीकडची मुलगी म्हणाली, थांबा, बघून सांगते,
आणि चार मिनिटांत तिने सांगितले.

चार मिनिटे.